खर्चे सरांचं भेव

खर्चे सरांएवढा भित्रा माणूस मी अख्ख्या वऱ्हाडात पाहिला नाही, आणि वऱ्हाड मी इंच न् इंच पाहिलेलं आहे, त्यातलं निम्मं कबड्डीच्या संघाबरोबर टेम्पोत उभं राहून. सर कुत्र्याला भ्यायचे. विजेला भ्यायचे, तिकडे खानदेशात ढग गरजला की हे इकडे वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे. राजूरच्या घाटाला तर इतके भ्यायचे, की बुलढाण्याला जाताना एसटीत डोळे गच्च मिटून बसत आणि एकदा तसेच मिटल्या डोळ्यांनी थेट चिखलीला जाऊन उतरले. शाळेच्या घंटेला दचकायचे, आणि गंमत म्हणजे घंटा द्यायचं काम त्यांच्याकडेच होतं.

मी त्याच शाळेत खेळाचा मास्तर. मोताळ्याच्या अलीकडे, कपाशी आणि सोयाबीनच्या मधोमध, पाचवी ते दहावीची आमची शाळा. माझा आवाज असा की मैदानावर मी 'सावधान' म्हटलं की शेजारच्या गावची म्हातारी माणसंही टाचा जुळवायची. सर बारीक, खांदे पुढे पडलेले, शर्टाच्या खिशात मोबाईल आणि मोबाईलवर हात, जणू काळीजच तिथं ठेवलेलं. ते विज्ञान शिकवायचे. म्हणजे कागदोपत्री विज्ञान. प्रत्यक्षात ते सगळ्या विषयांत घुसून पोरांना लिहायला लावायचे.

कारण त्यांचं खरं भेव कुत्र्याचं नव्हतंच. लिहिलेल्या वाक्याचं होतं.

"बोललेलं हवेत जाते, सर," ते मला म्हणायचे. "तुम्ही दिवसभर बोलता, काही बिघडत नाही. पन लिहिलेलं कोनाच्या तरी घरात जाते. अन् एकदा घरात शिरलं का मंग ते आपल्याच्यानं काहाडनं होत नाही."

शाळेला कुणीतरी मोठा टीव्ही दिला होता, इंटरनेटचा. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकून ठेवलेला असे. दसऱ्याला त्याला हार घालत. फुटला तर जबाबदारी कोणाची, म्हणून तो कुणी लावायचाच नाही असा अलिखित नियम होता. खर्चे सर सलग आठवडाभर त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी आत गेले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसता हात टीव्हीकडे. मुख्याध्यापकांना वाटलं, ह्याला झटका आला. घाबरून त्यांनी किल्ली देऊन टाकली.

मग वर्गात रोज एकच रीत. इतिहास असो, भूगोल असो, सर टीव्हीवर दाखवायचे: आभाळातून काढलेला आपल्याच तालुक्याचा नकाशा, कपाशीच्या बोंडातली अळी, कुठल्या तरी संग्रहालयातली जुनी नाणी. शब्द अडला तर ऑनलाईन शब्दकोश. पोरं माना उंचावून बघत. आणि ऐन रंगात आलं की सर टीव्ही बंद. "आता लिहा. काय पाह्यलं ते तुमच्या शब्दांत." गणितालाही तेच, उदाहरण सोडवायचं आणि ते कसं सोडवलं हे चार ओळींत सांगायचं. वर्गात अशी शांतता पडायची की छतावरच्या पालीला खोकला आला तरी ती तो दाबून धरायची.

पोरं त्यांना भ्यायची, पण माराला नाही. सर मारायला हात उचलायला स्वतःच भ्यायचे. पोरं भ्यायची ती त्यांच्या चेहऱ्याला. चुकीचं वाक्य वाचलं की त्यांचा चेहरा उतरायचा, विंचू दिसल्यासारखा.

एकदा 'माझे गाव' या निबंधात सातवीतल्या एका पठ्ठ्यानं मोबाईलवरून आयता निबंध उतरवला. त्यात होतं, 'आमच्या गावाला सुंदर समुद्रकिनारा लाभला आहे. माडांच्या बना-बनांतून वारा वाहतो.' मोताळा तालुका! आमच्याकडे नदीला पाणी आलं तर लोक फोटो काढायला जातात. सरांनी ते वाचलं आणि पांढरेफटक पडले.

"तुह्या घरापाशी समुद्र आला बे?" ते हळूच म्हणाले. "कवा आला? मी कालच तिकून गेलो होतो. बापा, मले तर पोहता येत नाही."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सगळा वर्ग उन्हात समुद्र शोधायला काढला. गावाला वळसा घातला. म्हशी दिसल्या, ग्रामपंचायतीची टाकी दिसली, एक गळका नळ दिसला. परत येऊन पोरांनी त्या गळक्या नळावर लिहिलं, आणि ते असं काही लिहिलं की सरपंचानं लाजून तो नळ दुरुस्त केला.

त्यांनी मलाही सोडलं नव्हतं. मी पोरांना सांगितलं होतं की खामगावच्या सामन्यात माझ्या एका चढाईत समोरचे सातही गडी मंडपाच्या खांबासकट उखडले गेले. पोरांनी ते शारीरिक शिक्षणाच्या वहीत लिहिलं. सरांनी वही माझ्यासमोर धरली.

"सर, हे दोन जागी पाह्यलं. कुठंच भेटत नाही."

"मी सांगतो ना!"

"तुम्ही तिसरे झाले. पह्यल्या दोघायचं काय?"

तो त्यांचा नियम होता. मोबाईलवर दोन वेगळ्या जागी पाहायचं, तिसऱ्यांदा गावातल्या जाणत्या माणसाला विचारायचं, मगच लिहायचं. व्हरांड्यातल्या फळ्याच्या माथ्यावर तो नियम पिवळ्या रंगात लिहिलेला होता. तो मीच रंगवला, स्टूल न घेता. 'दोन जागी पाहा, तिसऱ्याला विचारा, मग लिहा.' त्या फळ्यावर दर सोमवारी पोरांच्या हातचं एक नवं पान लागायचं.

आणि आमच्या गावाची खोड अशी, की पान लागलं की कुणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकायचं. आधी कौतुकानं. मग एका उन्हाळ्यात आठवीनं पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण ओल्या पोत्यात कशी तपासायची, ते लिहून लावलं. कृषी विद्यापीठाच्या पानांवर पाहिलेलं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलेलं. ज्यांनी तसं केलं त्यांचं बी उगवलं. ज्यांनी हसण्यावारी नेलं त्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्या हंगामापासून गाव बदललं. नवरा-बायकोचं भांडण झालं तरी लोक म्हणत, "फळ्यावर काय लिवलं ते पाह्य." डॉक्टरनं गोळी दिली तरी माणूस ती खिशात ठेवून आधी शाळेवरून चक्कर मारायचा.

सगळे खूश. एकटे सर वाळत चालले. "लोक आता इचारतच नाही, सर," ते म्हणाले. "पह्यले इचारत होते, 'कोन सांगितलं?' आता नुसते मान हालवतात. मले लय भेव लागून राह्यलं."

मी म्हटलं, "अहो, तुम्हाले तर घंटेचंही लागते." आणि हसलो. माझ्या हसण्यानं एक वीट सैल झाली असेल भिंतीची. सर हसले नाहीत.

मग ते ऑगस्टमधलं प्रशिक्षण आलं. बुलढाण्याला, शनिवार ते सोमवार. सर घाट चढून गेले. सोमवारी फळा रिकामा राहणार म्हणून नववीतल्या दिपालीनं पान तयार केलं. ही पोरगी सरांच्या हाताखाली तयार झालेली, सगळ्यांत नेटकं लिहिणारी. हंगामाला धरून विषय घेतला: 'साप चावला तर काय करावे'. सुबक अक्षर, बाजूला सापाचं चित्र, त्याच्या डोळ्यांत चमकही काढलेली. वर बांधा, चावलेल्या जागी ब्लेडनं चिरा, रक्त वाहू द्या, अमुक मुळी लावा. पान फळ्यावर लागलं. फोटो ग्रुपवर गेला. ग्रुपवरून पाहुण्यारावळ्यांच्या गावांत गेला.

सरांना तो फोटो मिळाला परतीच्या एसटीत, घाटाच्या माथ्यावर. उघडून वाचला आणि रेंज गेली. पुढे एक ट्रक आडवा झालेला, गाडी वळणावर खोळंबली. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि हा माणूस दारात उभा राहून मोबाईल आभाळाकडे धरून, उघड्या डोळ्यांनी. कंडक्टर मला नंतर म्हणाला, "तुमच्या सरांले मी पह्यल्यांदा जागं पाह्यलं. वाटलं, घरी कोनी गेलं."

खाली रेंज येताच माझा फोन वाजला.

"सर, फळ्यावरचं काहाडा."

मी धावत जाऊन काढलं. "काढलं, सर."

"आता गावातून काहाडा."

"गावातून कसं काढू?"

पलीकडून फोन बंद झाला. 

सरांनी ग्रुपवर लिहिलं: ते पान चुकीचं आहे, चिरू नका, बांधू नका, माणसाला चालवू नका, पाय हलू न देता थेट दवाखान्यात न्या. पाचव्या मिनिटाला त्यावर कुणाचा तरी वाढदिवस आला, मग गुलाबाची फुलं, मग एक हरवलेली शेळी. सरांचं वाक्य खाली गेलं ते गेलंच. म्हणून सर बसमधून उतरले ते घरी न जाता दारोदार फिरू लागले, आणि त्यांच्यामागे मी. कुत्री भुंकत होती. सर त्यांच्या मधून चालत होते.

एका ओट्यावर एका माणसानं विचारलं, "सर, मंग खरं कोनतं? सकाळचं का संध्याकाळचं? दोन्ही तुमचंच हाये."

 सर फक्त हात जोडून उभे राहिले.

शेवटी दिपालीचं घर. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"मी दोन जागी पाह्यलं, सर," ती म्हणाली. "अन् आबाले इचारलं. तुम्ही सांगतलं तसंच केलं."

सरांनी तिचा मोबाईल घेतला. दोन व्हिडिओ, दोन वेगळी नावं. पण बोलणारा तोच, वाक्यं तीच, मधली खोकल्याची उबळसुद्धा तीच. एकानं दुसऱ्याचं उचललेलं. पोरीनं नियम मोडला नव्हता. नियमानंच पोरीला खड्ड्यात नेलं होतं. सर मटकन ओट्यावर बसले.

खाटेवरून तिचे आबा म्हणाले, "त्यात काय चुकलं हो मास्तर? आमच्या वख्ती असंच करत. साप चावलेला भिकाजी वाचला होता का नाही?"

"अन् जे नाही वाचले, आबा?"

आबा छताकडे बघत म्हणाले, "ते सांगाले कुठून येतीन?"

दिपाली ते ऐकत होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे मान वळवली.

गाव झालं, पण नाल्यापलीकडच्या शेतवस्त्या राहिल्या. सकाळी उजाडताच सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. माझ्या गाडीवर ते एरवी नवस बोलून बसत. त्या दिवशी म्हणाले, "जोरानं चालवा."

गजूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर पोचलो तर बायकांचा गलका. गजूभाऊ बांधावर बसलेला, पाय पसरून, घोट्याच्या वर दोन ठिपके. फुलावर आलेलं सोयाबीन पाहायला सकाळी पाण्यातून गेला होता. त्याचा धाकटा भाऊ संजू गुडघ्यावर बसलेला, खांद्यावर दावं, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात दाढीचं नवंकोरं पातं. मोबाईलवर दिपालीचं अक्षर.

"संजू, नोको!" मी ओरडलो. माझा तो आवाज, ज्यानं गावं टाचा जुळवतात. संजूनं मान वर केली नाही. माणूस घाबरला की त्याला मोठा आवाज ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

खर्चे सर काहीच ओरडले नाहीत. ते चिखलात बसले आणि त्यांनी आपला पंजा त्या दोन ठिपक्यांवर अलगद झाकला.

"काप," ते म्हणाले. "पह्यले माह्या हातावर काप."

"सर, हात काहाडा! टाइम जाऊन राह्यला!" संजू ओरडला. पातं सरांच्या बोटांपासून वीतभर. "तुमच्याच फळ्यावर लिवलं हाये ना बे हे! तुमच्याच!"

"माह्याच फळ्यावर लिवलं. खोटं लिवलं. मी सांगून राह्यलो."

"मंग काल खरं होतं ते आज खोटं कसं झालं?"

"कालही खोटंच होतं, संजू. मी नव्हतो." सरांचा आवाज इतका कापत होता की शब्द एकमेकांवर आपटत होते. पण हात हलत नव्हता. "मले लय भेव लागून राह्यलं रे. तुलेही लागते. चाल, दोघं भेतभेतच दवाखान्यात जाऊ."

संजूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस इतका घाबरत नाही, एवढं त्याला समजलं असावं. पातं चिखलात पडलं.

एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की गजूभाऊला खांद्यावर टाकून मी मोताळ्यापर्यंत पळालो. नाही पळालो. शेजारच्या वस्तीवरून भाजीची पिकअप आली. आम्ही त्याला आडवं ठेवलं, पाय हलू नये म्हणून दोन फळकुटांमध्ये सैलसर बांधला, आणि सर अख्ख्या रस्ताभर तो पाय मांडीवर धरून बसले. मोताळ्याच्या अलीकडे गजूभाऊच्या पापण्या मिटायला लागल्या. "सर, झोप येऊन राह्यली," तो जड जिभेनं म्हणाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तसं भेव मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही आणि मला परत पाहायचंही नाही.

मोताळ्याच्या दवाखान्यात लस टोचली. श्वास अडकला तर वर बुलढाण्याला न्यावं लागेल, डॉक्टर म्हणाले. आत्ता काही सांगता येत नाही. आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. मी माझ्या पराक्रमाची एकही गोष्ट सांगितली नाही. सर एकदाच बोलले.

"हा गेला तं दोघं जातीन, सर. पोरगी जन्मात पेन हाती घेनार नाही. चांगलं लिहिते हो ती. लय चांगलं लिहिते."

दुसऱ्या दिवशी दुपारी गजूभाऊनं पूर्ण डोळे उघडले आणि पाणी मागितलं. संजू व्हरांड्यात बसून मोठ्यानं रडला.

इकडे दिपाली शाळेत आली नव्हती. कंपासपेटी, पेनं, सगळं तिनं धाकट्या बहिणीला देऊन टाकलं होतं. "मले आता लागत नाही," म्हणे. गजूभाऊ वाचल्याची बातमी मी स्वतः तिच्या ओट्यावर जाऊन दिली, तरी ती भाकरीच्या परातीतून मान वर करेना.

मग सर स्वतः तिच्या घरी गेले. मी दारात थांबलो.

"चाल," ते म्हणाले.

"कुठी?"

"गजूभाऊपाशी. त्याले साप चावला. त्याले काय काय झालं ते त्याच्याएवढं कोनालेच मालूम नाही. ते लिहून आनू."

"मी नाही येत. मले भेव लागते."

"मलेही," सर म्हणाले. "म्हनून तं तुले नेऊन राह्यलो. एकट्यानं माह्याच्यानं नाही होत."

तिनं हात धुतले. बहिणीकडून एक पेन मागून घेतलं.

त्यानंतर वर्षभरानं सरांची बदली झाली, लोणारकडे. बदलीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, मीही एक केलं आणि त्यात सर वाघाशी झुंजले असं सांगितलं. पण त्या कार्यक्रमातले सर मला आठवत नाहीत. मला दिसतात ते त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातले.

त्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी दिपालीनं चपला काढल्या आणि तिथंच थिजली. आतून गजूभाऊ म्हणाला, "तूच का वं ते लिवनारी?" तिनं मान हलवली. "ये. मी जिता हाओ, पाह्य. बस अन् इचार काय इचारतं ते." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग तिचा बारीक आवाज: "काका, पह्यले काय झालं?" आणि गजूभाऊ सांगू लागला, तिला लिहायला वेळ मिळावा म्हणून मध्ये मध्ये थांबत.

सर आत गेले नाहीत. बाहेर वर्दळ होती, चपला कुणी तुडवतील म्हणून त्यांनी तिच्या चपला उचलल्या आणि दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. डोळे मिटलेले, कान दाराला लावलेला. परिचारिका दोनदा म्हणाली, "सर, बाजूला व्हा ना." ते हलले नाहीत. मी तिला खूण केली, आणि ती बिचारी त्यांना वळसा घालून आत गेली.